बर्लिनच्या एका सेनेटची गोष्ट

मागच्या महिन्यात आपल्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेच्या नियामक मंडळाबद्दल इथे लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाने एवढंच विचारलं, की मंडळ असलं काय आणि नसलं काय, वरून फोन आला की सगळे सह्या करतात, मग मंडळावर कोण बसलंय याची चर्चा कशाला? प्रश्न बरोबर आहे. तेव्हापासून डोक्यात एका जुन्या मंडळाचा विषय घोळतोय. ते आपल्याकडचं नाही, बर्लिनचं आहे. त्यात नोबेलवाले होते, पोलादसम्राट होते, बँकर होते. आपल्या मंडळांपेक्षा शिकलेलं तर नक्कीच होतं. तरी त्याचं काय झालं, ते सांगतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

संस्थेचं नाव कैसर विल्हेल्म सोसायटी. आज जगभर नाव असलेली मॅक्स प्लांक सोसायटी ही तिचीच वारस. आइनस्टाइन, ओटो हान, फ्रिट्झ हाबर ही मंडळी जिथे काम करत होती ती हीच संस्था. आणि तिचा कारभार बघणाऱ्या मंडळाला म्हणायचे सेनेट.

सुरुवात १९०९ची. आडोल्फ फॉन हार्नाक नावाचे विद्वान होते. गंमत बघा, माणूस शास्त्रज्ञ नव्हताच. ख्रिस्ती धर्मशास्त्राचे आणि चर्चच्या इतिहासाचे प्राध्यापक. त्यांनी सम्राटाला एक टिपण लिहून दिलं. अमेरिकेत रॉकफेलर आणि कार्नेगी यांच्या पैशातून मोठमोठ्या संशोधन संस्था उभ्या राहतायत, आपले प्राध्यापक वर्गात शिकवण्यातच दमून जातात, असंच चाललं तर जर्मनी मागे पडेल, असा त्याचा सूर. कैसर दुसरा विल्हेल्म याला ते पटलं. बर्लिन विद्यापीठाच्या शताब्दीला, ११ ऑक्टोबर १९१० रोजी, त्याने घोषणा केली आणि ११ जानेवारी १९११ला संस्था रीतसर स्थापन झाली. हार्नाक पहिले अध्यक्ष. ते १९३०मध्ये वारले, तोवर तेच अध्यक्ष.

पैसा कुठून आला हे महत्त्वाचं आहे, कारण पुढचं सगळं त्यात आहे. सरकारने जमीन दिली, काही पगार दिले. बाकी रक्कम श्रीमंतांकडून. सभासद व्हायचं तर एकरकमी २० हजार मार्क आणि पुढे दरवर्षी हजार मार्क. त्या काळी कामगाराला वर्षभर राबून हजार-दीड हजार मार्क मिळायचे, म्हणजे हा क्लब कुणासाठी होता ते कळेल. या सभासदांनी काही सेनेटर निवडायचे आणि काही कैसरने नेमायचे. तोफा बनवणाऱ्या क्रुप घराण्याचे गुस्ताव क्रुप उपाध्यक्ष. मेंडेलसोन बँकेचे फ्रान्झ फॉन मेंडेलसोन, कोळशाचे बडे व्यापारी एदुआर्द आर्नहोल्ड, बँकर लेओपोल्ड कोप्पेल. प्रत्यक्ष प्रयोगशाळेत काम करणारे सेनेटमध्ये फारच थोडे.

वरच्या यादीतले कोप्पेल आणि आर्नहोल्ड ज्यू, मेंडेलसोन मूळच्या ज्यू घराण्यातले. कोप्पेल यांनी भौतिक रसायनशास्त्राच्या संस्थेसाठी पैसे दिले आणि अट घातली, संचालक म्हणून फ्रिट्झ हाबर हवेत. हाबर जन्माने ज्यू, नंतर ख्रिस्ती झालेले. तेव्हाच्या जर्मनीत ज्यू माणसाला विद्यापीठात वरच्या खुर्चीपर्यंत पोचणं अवघड होतं. ही नवी संस्था त्या मानाने मोकळी होती, आणि तिच्या पहिल्या विटांमध्ये ज्यू देणगीदारांचा मोठा पैसा होता. हे लक्षात ठेवा.

बर्लिनच्या कडेला डालेम नावाचा भाग आहे, तिथे ऑक्टोबर १९१२मध्ये पहिल्या दोन संस्थांचं उद्घाटन झालं. कारभाराची रीत साधी होती. ज्या विषयात खरोखर थोर माणूस असेल त्याला शोधायचं, त्याच्याभोवती संस्था उभी करायची आणि त्याच्या कामात लुडबूड करायची नाही. याला पुढे हार्नाक तत्त्व असं नाव पडलं. सेनेटने ठरवायचं कोणती संस्था काढायची आणि कुणाला नेमायचं. आत काय संशोधन करायचं ते त्या माणसाने.

ऐकायला सुंदर. पण पहिल्या महायुद्धात याच स्वायत्त संस्थेत हाबर यांनी विषारी वायूचं काम केलं. २२ एप्रिल १९१५ला बेल्जियममध्ये ईप्रजवळ क्लोरीन सोडला गेला तेव्हा हाबर स्वतः आघाडीवर हजर होते. कुणी जबरदस्ती केली नव्हती, देशप्रेमाच्या भरात केलं. तेव्हा हिटलर सैन्यात साधा निरोप्या होता. म्हणून सगळं पाप १९३३नंतरचं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

१९१८मध्ये कैसर गादी सोडून हॉलंडला गेला. संस्थेने नाव मात्र बदललं नाही. प्रजासत्ताक आलं तरी पाटीवर कैसरच, आणि १९२२पासून तर संस्थेची मुख्य कचेरी कैसरच्या रिकाम्या झालेल्या राजवाड्यातच थाटली. १९२३च्या महागाईत मार्कची किंमत रद्दी कागदाइतकी झाली आणि देणग्यांतून जमवलेला सगळा निधी वितळला. मग सरकारकडे हात पसरणं आलं. केंद्र आणि प्रशिया, दोन्ही सरकारांनी पैसे दिले आणि बदल्यात सेनेटवर आपली माणसं बसवण्याचा हक्क घेतला. त्यात वावगं काही नाही, लोकांचा पैसा असेल तर लोकांचे प्रतिनिधी हवेतच. पण तोवर मालक असलेले देणगीदार आता मंडळातला एक गट झाले. दुसरा गट कायम तिजोरीकडे बघणारा.

याच काळात, १९२७मध्ये, एक नवी संस्था निघाली. नाव मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन संस्था. पत्ता डालेममधली इनेस्ट्रासे २२. संचालक ऑयगेन फिशर. 'सुप्रजनन' हा शब्द तेव्हा आजच्यासारखा अंगावर येत नव्हता. इंग्लंड-अमेरिकेत ती फॅशन होती. नाझी सत्तेवर यायला अजून सहा वर्षं होती. म्हणजे ही संस्था हिटलरने काढली नाही, लोकशाहीतल्या सभ्य माणसांच्या सेनेटने काढली.

आणि इथे आपलं माणूस येतं. १९२८मध्ये इरावतीबाई कर्वे याच फिशरकडे डॉक्टरेटला गेल्या. महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या सूनबाई, दिनकररावांच्या पत्नी. इतक्या लांब शिकायला जायला खुद्द महर्षींचा विरोध होता, तरी गेल्या. फिशरची समजूत अशी की कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक आणि वंश यांचा संबंध आहे, आणि त्यातून गोऱ्या युरोपीय माणसाची बुद्धी वरचढ असल्याचं दिसेल. हा विषय त्याने इरावतीबाईंना दिला. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. त्यातल्या काही जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या होत्या, म्हणजे कुणाच्या तरी कबरीतून, कुणाला न विचारता. मोजून झाल्यावर त्यांनी लिहिलं की कवटी सगळ्यांचीच थोडी वाकडी असते, वंशाशी त्याचा संबंध दिसत नाही.

विशीतली मुलगी. परका देश, परकी भाषा, समोर गाईड बसलेला आणि त्याला हवं ते उत्तर दोघांनाही माहीत असलेलं. तरी जे मोजमापात आलं तेच लिहिलं. गुण कमी मिळाले असं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे. पदवी घेऊन १९३०मध्ये त्या परत आल्या. पुढे डेक्कन कॉलेज, 'युगान्त' वगैरे आपल्याला माहीत आहे. आता हेही सांगायला हवं की परत आल्यावर त्यांनी महाराष्ट्रातल्या जातीजमातींची डोकी-नाकं मोजण्याचं काम बरीच वर्षं केलं. तिथे शिकलेली पद्धत त्यांनी लगेच टाकून दिली नाही. माणसं अशीच असतात, एका ठिकाणी ताठ आणि दुसरीकडे आपल्या काळाची.

आता १९३३. ३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलर झाला. ७ एप्रिलला सरकारी नोकऱ्यांचा कायदा आला, ज्यू असेल त्याला काढा. सरकारी पैशावर मुख्यतः चालणाऱ्या प्रयोगशाळांनाही तो लागू केला गेला. हार्नाकांनंतर अध्यक्ष झालेले मॅक्स प्लांक, भौतिकशास्त्रातला देवमाणूस, वय ७५, त्या वेळी इटलीत सुट्टीवर होते. कारभार सरचिटणीस फ्रीडरिश ग्लुम बघत होते. हाबर यांना युद्धातल्या सेवेमुळे कायद्यातून सूट होती. त्यांना फक्त आपल्या ज्यू सहकाऱ्यांना काढायचं होतं. ३० एप्रिलला त्यांनी राजीनामा लिहिला. माणसं मी बुद्धी आणि चारित्र्य बघून निवडली, त्यांच्या आज्या कोण होत्या ते बघून नाही, असा त्यातला आशय. विषारी वायूवाले हाबर ते हेच. माणूस एका बाजूने मोजता येत नाही म्हणतो तो यासाठी.

प्लांक परतले आणि मे महिन्यात हिटलरला भेटले. त्यांनी नंतर लिहिलंय की हाबर यांच्यासाठी शब्द टाकला, तर हिटलर संतापून इतक्या वेगाने बोलायला लागला की गप्प बसून निघून येण्याशिवाय इलाज राहिला नाही. पण त्याच महिन्यात संस्थेची वार्षिक सभा झाली आणि प्लांक यांनी हिटलरला तार पाठवली. जर्मन विज्ञान नव्या राष्ट्राच्या उभारणीत आनंदाने साथ देईल, अशा अर्थाची.

आणि सेनेट? सेनेटची नव्याने रचना झाली. सरकारला चालतील अशी माणसं आत आली. ज्यूंची नावं गळत गेली आणि काही वर्षांत एकही उरलं नाही. ज्यांच्या पैशाने इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठीच दार बंद. कोप्पेल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. त्यांच्या पैशातून, त्यांच्या अटीवर उभी राहिलेली हाबर यांची संस्था लष्कराच्या कामाला लागली. पुढच्या काळात सोसायटीतून शंभराहून अधिक शास्त्रज्ञ हाकलले गेले.

वाचताना मला सगळ्यात जास्त कशाने अस्वस्थ केलं असेल, तर दारावर बंदूकवाले उभे नव्हते याने. कुणी सेनेटरांना ओढत नेलं नाही. क्रुप राजीनामा देऊन बाहेर पडले असते तर त्यांच्या कारखान्याला कुलूप लागलं असतं का? मला वाटत नाही. नोबेल मिळालेले डझनभर लोक एका सहीने बाहेर पडले असते तर जगभर बोंब झाली असती. हिशोब असा होता, की आज थोडं वाकू, पण संस्था वाचवू. प्लांक मनापासून तेच मानत होते. वादळ आहे, ओसरेल, तोवर झाड टिकवू. वाईट माणसाचा हा हिशोब नव्हे. आपल्याकडच्या कितीतरी भल्या अध्यक्षांच्या तोंडून मी तो ऐकलाय.

एकदा मात्र ते ताठ उभे राहिले. हाबर २९ जानेवारी १९३४ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला वारले. वर्षश्राद्धाला, म्हणजे २९ जानेवारी १९३५ला, प्लांक यांनी डालेमच्या हार्नाक हाउसमध्ये स्मृतिसभा ठेवली. शिक्षणमंत्री रुस्ट याने प्राध्यापकांना जायला बंदी घातली. सभा झालीच. हॉल भरला. कित्येक प्राध्यापकांनी नवऱ्याऐवजी बायकोला पाठवलं. एक वक्ता बंदीमुळे येऊ शकला नाही, त्याचं भाषण ओटो हान यांनी वाचून दाखवलं. आय.जी. फारबेनचे कार्ल बॉश हजर होते. हॉल भरणारी माणसं होती, म्हणजे नाही म्हणण्याची ताकद शिल्लक होती. फक्त ती मेलेल्या माणसासाठी वापरली गेली, जिवंत होते तोवर नाही.

१९३७मध्ये उरलंसुरलंही गेलं. नवी घटना आली, त्यात नेता ठरवेल ते धोरण. अध्यक्ष मंत्री नेमणार, सेनेट नुसतं सल्ला देणार. प्लांक गेले, बॉश आले. ग्लुम यांच्या जागी पक्षाला चालणारा एर्न्स्ट टेलशो आला. १९४०मध्ये बॉश वारले आणि पुढच्या वर्षी पोलाद उद्योगातला आल्बर्ट फोग्लर अध्यक्ष झाला. याच सेनेटमध्ये हर्बर्ट बाके बसत होता, १९४१पासून संस्थेचा उपाध्यक्ष. बाके कोण? अन्न मंत्रालयातला बडा अधिकारी. सोव्हिएत प्रदेशातलं धान्य जर्मन सैन्याकडे वळवायचं, त्यात तिथले कोट्यवधी लोक उपाशी मरतील हे कागदावर गृहीत धरायचं, ही योजना त्याची. संस्थेकडे पीक-सुधारणेच्या, शेतीच्या चांगल्या प्रयोगशाळा होत्या. त्यांचा आश्रयदाता हा माणूस.

आणि इनेस्ट्रासे २२मध्ये काय चाललं होतं? फिशर आणि त्याचे सहकारी नसबंदी खटल्यांत तज्ज्ञ म्हणून मतं देत होते. १९३७मध्ये ऱ्हाइन भागातल्या सुमारे ४०० मुलामुलींची गुपचूप नसबंदी झाली. बहुतेकांचे बाप आफ्रिकी किंवा आशियाई सैनिक, आया जर्मन. त्या मुलांची तपासणी या संस्थेच्या लोकांनी केली. १९४२मध्ये फिशरची खुर्ची ओत्मार फॉन फेर्शुअरकडे आली. त्याचा जुना सहायक योझेफ मेंगेले. मेंगेले आउश्वित्झहून रक्ताचे नमुने, डोळे, शरीराचे भाग याच पत्त्यावर पाठवत होता. संस्थेच्या मेंदू-संशोधन शाखेत मारून टाकलेल्या रुग्णांचे शेकडो मेंदू जमा होत होते.

याला सेनेटने मंजुरी दिली होती का, असं कुणी विचारेल. विचारायला सेनेट उरलंच कुठे होतं? १९३३मध्ये प्रश्न विचारायची संधी होती, १९३७नंतर अधिकारही नव्हता. संस्था वाचवायची म्हणून ते वाकले. संस्था वाचली हे खरं, पण तोवर तिच्या दोन इमारतींत हे चाललं होतं.

प्लांक यांचं खासगी दुःख वेगळंच. मुलगा एर्विन हिटलरविरोधी कटात पकडला गेला. म्हाताऱ्या बापाने दयेचा अर्ज केला. २३ जानेवारी १९४५ला त्याला फाशी दिली. फोग्लरने त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकन सैनिकांच्या हाती सापडताच जीव दिला. बाकेने १९४७मध्ये न्यूरेंबर्गच्या तुरुंगात.

युद्धानंतर ब्रिटिशांनी सांगितलं, कैसरचं नाव चालणार नाही. मग प्लांक यांचं नाव घेतलं गेलं आणि २६ फेब्रुवारी १९४८ला ग्योटिंगेनमध्ये मॅक्स प्लांक सोसायटी उभी राहिली, ओटो हान अध्यक्ष. सेनेट नव्याने आलं, ते आजही आहे. अध्यक्ष तेच निवडतं, संस्था काढायची की बंद करायची तेच ठरवतं. फेर्शुअरला मात्र ६०० मार्क दंड झाला, जुन्या सहकाऱ्यांनी निर्दोष असल्याचं लेखी दिलं आणि १९५१मध्ये तो म्युन्स्टर विद्यापीठात आनुवंशिकीचा प्राध्यापक झाला. तिथे कोणत्या मंडळाने सही केली असेल, तेही सुशिक्षितच असणार.

माफी यायला २००१ साल उजाडलं. अध्यक्ष हुबर्ट मार्कल यांनी बर्लिनमध्ये, मेंगेलेच्या जुळ्यांवरच्या प्रयोगांतून वाचलेल्या लोकांसमोर उभं राहून ती मागितली. इनेस्ट्रासेच्या त्या इमारतीत आता फ्री युनिव्हर्सिटीचे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. भिंतीवर १९८८पासून एक पाटी आहे. २०१४मध्ये तिच्या जवळच खोदकाम करताना मानवी हाडं सापडली. पुढच्या उत्खननांत तुकडे निघत गेले, सुमारे १६ हजार. काही बहुधा वसाहतींच्या काळातली, काही नंतरची असू शकतील. कोणाची, ते आणखी चाचण्या करून शोधता आलं असतं. ज्यू, सिंती-रोमा आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या संघटनांशी बोलून ठरलं की तसं करायचं नाही, या माणसांना पुन्हा वंशानुसार वेगळं काढायचं नाही. मार्च २०२३मध्ये डालेमच्या स्मशानभूमीत ती सगळी एकत्र पुरली.